दाणा टाकणारा देश

इंग्लंडमधल्या कुठल्याही शहरात विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा असतात आणि बहुतेक घरांमागे पंचाएवढी का होईना, एक बाग असते. ऑक्टोबरच्या अखेरीस अशा बागेत डोकावलं तर सफरचंदाच्या फांदीला टांगलेली एक पारदर्शक नळी दिसण्याची शक्यता बरीच. हातभर लांब, आणि बाजूंना अगदी बारीक फटी. आत काळे, चकचकीत, जिऱ्यासारखे लांबट दाणे. घरमालक त्यांना ‘नायजर’ म्हणतो. पण नुकतीच नाशिकहून लेकीकडे आलेली एखादी आजी तिथे उभी असेल, तर ती दोन दाणे दाताखाली धरून लगेच सांगेल : अगं, हे तर कारळे!

आजीचं बरोबर असतं. कुठे कारळे, कुठे खुरासणी म्हणतात ते हेच बी. मूळचं इथिओपियाचं. आपल्याकडे त्र्यंबक, इगतपुरी, जव्हारच्या डोंगरउतारांवर पाऊस सरता सरता याची शेतं पिवळीधमक होतात. घरात त्याची चटणी होते, घाण्यावर तेल निघतं. भारतातून हे बी परदेशात जातं ते मात्र प्रामुख्यानं पाखरांच्या पोटात जाण्यासाठी. अमेरिका तर ते तापवल्याशिवाय देशात घेत नाही. त्यात मिसळून आलेलं अमरवेलीचं बी तिकडच्या शेतांत रुजू नये, म्हणून १२० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटं तापवायचं असा दंडक आहे. म्हणजे चटणीच्या निम्म्या वाटेवर ते तिथेच पोचतं.

नळीवर येतो तो गोल्डफिंच. लाल तोंडाचा, पंखांवर सोनेरी पट्टा असलेला, चिमणीहून थोडा लहान पक्षी. त्याची चोच चिमट्यासारखी निमुळती असते, कारण काटेरी रानझुडपांच्या बोंडांत खोल दडलेलं बी उपसून काढणं हा त्याचा पिढीजात धंदा. नळीची फट त्या चोचीच्या मापाची. चिमणीची जाडजूड चोच तिथे हात टेकते.

पाखरांना दाणा घालणं हे वरवर साधं भूतदयेचं काम. पण जवळपास निम्म्या देशानं पन्नास-साठ वर्षं रोज दाणा टाकला, तर पाखरांची संख्या, त्यांचे रोग, त्यांचे प्रवासाचे रस्ते, इतकंच काय त्यांच्या चोचीची लांबीसुद्धा बदलू लागते. ब्रिटनमध्ये तसं घडलेलं आहे, आणि ते मोजलंही गेलं आहे.

आधी थंडीचा हिशेब. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात आणि दुपारचा चहा संपेपर्यंत अंधार पडू लागतो. डिसेंबरच्या मध्यावर लंडनमध्ये दिवस आठ तासांचाही उरत नाही. एडिंबरामध्ये तर जेमतेम सात. उरलेले सोळा-सतरा तास रात्र. ब्लू टिट हा निळ्या टोपीचा, पिवळ्या पोटाचा पक्षी भरतो सुमारे ११ ग्रॅम. एवढ्याशा देहाचं तापमान त्याला रात्रभर चाळीस अंशांच्या आसपास टिकवायचं असतं, आणि बाहेर दंव पडत असतं. भांडं जितकं लहान तितकं ते लवकर निवतं, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक असतं. पाखराचंही तसंच. कडाक्याच्या एका रात्रीत ब्लू टिटच्या वजनाचा दहावा हिस्सासुद्धा जळून जातो. उजाडल्यावर तो हिस्सा परत भरला नाही, तर पुढच्या रात्रीचं काही खरं नसतं. म्हणूनच हिवाळ्यात या पक्ष्यांचा बहुतेक सगळा उजेड खाणं शोधण्यात जातो.

शोधायचं तरी काय? उन्हाळ्यातल्या अळ्या संपलेल्या, कीटक सालींच्या भेगांत गेलेले, जमीन गोठली की गांडुळं खोल उतरलेली. १९६२च्या नाताळानंतर ब्रिटनमध्ये बर्फ पडलं आणि मार्च उजाडेपर्यंत हललं नाही. मध्य इंग्लंडमध्ये १७४० नंतरचा तो सर्वांत थंड हिवाळा. त्या एका मोसमात रेन नावाच्या इवल्याशा, शेपटी उभारून झुडपांच्या बुडाशी फिरणाऱ्या तपकिरी पक्ष्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मेले. रेन एरवी मोठा एकलकोंडा आणि भांडखोर. थंडी मात्र त्याला शेजारधर्म शिकवते. १९६९मध्ये नॉरफक परगण्यात घरट्यासाठी लावलेल्या एका लाकडी पेटीत रात्रीच्या मुक्कामाला ६१ रेन शिरले होते. पेटी होती चिमणीच्या एका जोडप्याला पुरेल एवढी. आत ते थरावर थर रचून, डोकी आत आणि शेपट्या बाहेर करून बसतात.

भूक एवढी मोठी, तर पाखरं पोटाला तड लागेपर्यंत खाऊन चरबी का साठवत नाहीत? ऑक्सफर्डजवळच्या वायथम रानात याचं एक नामी उत्तर मिळालं. तिथे १९४७पासून ग्रेट टिट पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ठेवली जाते. आपल्याकडच्या वल्गुलीचा हा युरोपातला चुलतभाऊ. १९६०च्या सुमारास कीटकनाशकांमुळे त्या रानातले स्पॅरोहॉक, म्हणजे आपल्या शिक्र्यासारखे छोटे शिकारी पक्षी, नाहीसे झाले. १९७०नंतर ते परतले. वजनांच्या जुन्या वह्या चाळल्या तेव्हा दिसलं की शिकारी नसलेल्या वर्षांत ग्रेट टिट लठ्ठ होते आणि शिकारी परतल्यावर पुन्हा सडपातळ झाले. अंगावर जास्तीची चरबी म्हणजे झेप घ्यायला क्षणभर उशीर. उपासमारीचं भय एका बाजूला, पंजाचं भय दुसऱ्या बाजूला, आणि या दोहोंच्या मधे ग्रेट टिट रोज आपलं वजन तोलतो. दाण्याची नळी उघड्यावर टांगावी की झुडपाजवळ, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका क्षुल्लक नाही. झुडूप फार जवळ असेल तर त्यात मांजर दबा धरतं. फार लांब असेल तर स्पॅरोहॉक आल्यावर पळायला जागा नसते.

शरदात बागेत दिसणारी सगळी पाखरं त्याच बागेची असतात असंही नाही. ब्लॅकबर्ड हा आपल्या कस्तुराच्या गोतातला पक्षी ब्रिटनमध्ये बारमाही. पण नोव्हेंबरमध्ये झाडाखालच्या सडक्या सफरचंदावरून भांडणाऱ्या ब्लॅकबर्डांपैकी काही जण नॉर्वे-स्वीडनहून उत्तर समुद्र ओलांडून आलेले असतात. स्टार्लिंगांचंही तसंच. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्यांचे हे भाऊबंद पूर्व युरोपातून थव्यांनी येतात आणि संध्याकाळी सॉमरसेटच्या पाणथळींवर किंवा ब्रायटनच्या धक्क्यावर धुरासारखे वळसे घेत उतरतात. फील्डफेअर आणि रेडविंग हे कस्तुराचे आणखी दोन नातेवाईक उत्तरेकडून येतात ते लाल फळांच्या ओढीनं.

आणि रॉबिन. छातीवर विटकरी-नारिंगी शाल पांघरलेला, फावडं घेऊन माती उकरणाऱ्या माळ्याच्या पायाशी येऊन बसणारा. याचंच नाव इंग्रजांनी हिंदुस्थानात आल्यावर आपल्या दयाळाला आणि चिरकाला चिकटवलं. नाताळच्या भेटकार्डांवर रॉबिन आला तो, असं म्हणतात, व्हिक्टोरियाच्या काळातल्या लाल कोटवाल्या पोस्टमनांमुळे. लोक त्या पोस्टमनांनाच ‘रॉबिन’ म्हणत. कार्डावरचा हा गोड पक्षी प्रत्यक्षात महाभांडखोर आहे. डेव्हिड लॅक नावाचा तरुण शिक्षक डेव्हनमधल्या डार्टिंग्टनच्या शाळेत शिकवत असताना रॉबिनांच्या पायांत रंगीत कड्या घालून त्यांच्या मागावर राहिला आणि १९४३मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. रॉबिन आपल्या हद्दीत नुसता लाल पिसांचा झुबका ठेवला तरी त्याच्यावर तुटून पडतो, हे त्यानं दाखवलं. शरदात नर आणि मादी वेगळे होतात, आपापली हद्द आखतात आणि दोघंही गातात. पानगळीच्या दिवसांतलं ते हळवं वाटणारं गाणं म्हणजे सातबाऱ्यावरची तक्रार असते. ‘आमचा रॉबिन गेली दहा वर्षं येतो’ असं सांगणारे घरमालक सर्वत्र भेटतात; बहुतेक रॉबिन मात्र दुसरा-तिसरा हिवाळासुद्धा पाहत नाहीत. हद्द तीच राहते, मालक बदलत जातात.

आपल्याकडे पाखराला घास घालण्याला धर्माची चौकट आहे. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहतात, पण तिथे कावळा निमित्त, जेवणारा पाहुणा दुसराच असतो. ब्रिटनमध्ये ही गोष्ट छंद म्हणून रुजली, आणि तीही शहरांत. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला लागोपाठ कडक हिवाळे आले. भुकेले गल पक्षी थेम्स नदीवरून थेट लंडनच्या मध्यात शिरले. डब्ल्यू. एच. हडसन या निसर्गलेखकानं लंडनच्या पक्ष्यांवरच्या १८९८च्या पुस्तकात याचं वर्णन केलं आहे : दुपारच्या सुट्टीत कामगार आणि पोरं पुलांवर येत आणि आपल्या डब्यातलं उरलंसुरलं गलांना भिरकावत. पोटभर खाणारी माणसं नव्हती ती. नेमकं त्याच सुमारास, १८८९मध्ये, मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत एमिली विल्यमसन यांनी बायकांच्या टोप्यांवरच्या पिसांविरुद्ध एक छोटी संस्था काढली होती. पुढे तीच आरएसपीबी ही पक्षिसंरक्षण संस्था झाली. १९१०मध्ये ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकानं पाखरांना खाऊ घालणं हा राष्ट्रीय छंद असल्याचं जाहीर करून टाकलं.

पाखरांनीही हा छंद मनावर घेतला. १९२१मध्ये साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंग गावात टिट पक्षी दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणं फाडून वरची साय खाताना पहिल्यांदा नोंदले गेले. पुढच्या पंचवीस वर्षांत ही कला देशभर पसरली. १९४९मध्ये जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी तिचा नकाशाच काढला. लोक बाटलीवर दगड ठेवू लागले, वाट्या उपड्या घालू लागले. हद्दीच्या भांडणात गुंतलेला रॉबिन हे तंत्र कधी नीट शिकला नाही. टोळीनं हिंडणारे टिट शिकले. पुढे सायीशिवायचं दूध आलं, दारावर बाटली येणंच कमी झालं, आणि पाखरांची ही विद्या बाटल्यांबरोबर संपली.

बराच काळ खाऊ म्हणजे शिळा पाव, चरबीचे तुकडे आणि जाळीत भरलेले शेंगदाणे. १९९०च्या दशकात सोललेलं सूर्यफुलाचं बी आणि कारळे आले आणि पाहुण्यांची यादीच बदलली. हा बदल कागदावर आहे, कारण ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी, म्हणजे बीटीओ, १९७०-७१च्या हिवाळ्यापासून दर वर्षी ऑक्टोबर ते मार्च ठरावीक बागांतल्या फीडरांवर, म्हणजे दाण्याच्या नळ्या-जाळ्यांवर, कोण येतं ते नोंदवते आहे. १९७०च्या दशकात फीडरांवरच्या पाखरांत निम्म्या दोनच जातींच्या असत : चिमणी आणि स्टार्लिंग. गोल्डफिंच आणि वुडपिजन हे रानकबूतर तेव्हा पाचातल्या एकाही बागेत धड दिसत नसत. चाळीस वर्षांनी ते पाचातल्या चारांहून जास्त बागांत दिसू लागले. २०१९मध्ये या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. फीडरांचा फायदा घेणाऱ्या जातींची शहरी संख्या वाढत गेली होती, न घेणाऱ्यांची नाही.

एका पक्ष्यानं तर या दाण्यापायी आपला नकाशाच बदलला.

ब्लॅककॅप हा राखी अंगाचा वटवट्या. नराच्या डोक्यावर काळी टोपी, मादीच्या तपकिरी. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात अंडी घालणारे ब्लॅककॅप शरदात दक्षिणेला निघून जातात. मध्य युरोपातले, म्हणजे जर्मनी-ऑस्ट्रियाकडचे, परंपरेनं नैर्ऋत्येला स्पेनकडे जात. पण १९६०नंतर ब्रिटनच्या बागांत भर हिवाळ्यात ब्लॅककॅप दिसू लागले. ते मागे राहिलेले आळशी स्थानिक असावेत, असाच समज होता. पीटर बर्थोल्ड या जर्मन पक्षितज्ज्ञानं वेस्टन-सुपर-मेअर गावात हिवाळ्यात पकडलेले ब्लॅककॅप जर्मनीत नेले, त्यांची पिल्लं पिंजऱ्यात वाढवली आणि शरद आल्यावर ती कोणत्या दिशेला फडफडतात ते पाहिलं. कधीच प्रवास न केलेल्या त्या पिल्लांनी तोंडं वायव्येच्या अंगाला, ब्रिटनकडे वळवली. दिशा रक्तातून आली होती. १९९२मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

पूर्वी अशी चुकीची दिशा घेऊन जन्मलेलं पिल्लू ब्रिटनच्या थंडीत मरून जाई आणि ती चूक त्याच्याबरोबर संपे. आता त्या चुकीच्या वाटेच्या टोकाला चरबीचे गोळे आणि सूर्यफुलाचं बी टांगलेलं होतं. हिवाळेही सौम्य होत चालले होते. चूक जगली आणि तिची पिल्लं झाली. जवळचा रस्ता असल्यानं ब्रिटनमध्ये थांबणारे पक्षी वसंतात आधी परततात, आधी आलेल्यांशी जोडी जमवतात, म्हणजे पुन्हा आपल्यासारख्यांशीच. एकाच रानातल्या या दोन गटांच्या पंखांत आणि चोचींत थोडा फरक पडू लागल्याचंही २००९मध्ये दाखवलं गेलं. पुढे पाठीवर प्रकाशमापकाचे इवले ठोकळे बांधून पाहिलं, तर ब्रिटनच्या बागांतले हे हिवाळी पाहुणे एकट्या जर्मनीतून नव्हे, युरोपाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यातून येतात असं कळलं. सगळं श्रेय फीडरांना देता येणार नाही. पण बीटीओच्या बागनोंदींत ब्लॅककॅप नियमितपणे दिसतात ते सातत्यानं दाणा असलेल्या आणि हवा उबदार असलेल्या ठिकाणी.

वायथमच्या ग्रेट टिटांकडे पुन्हा वळायला हवं. २०१७मध्ये या ब्रिटिश पक्ष्यांची नेदरलँड्समधल्या त्याच जातीच्या पक्ष्यांशी जनुकांसह तुलना झाली. ब्रिटिशांच्या चोची लांब निघाल्या, आणि अलीकडच्या दशकांत त्या लांबत गेल्या होत्या. पायातल्या इलेक्ट्रॉनिक कड्यांवरून कोण फीडरवर किती वेळा येतं तेही मोजलं गेलं. लांब चोचीची जनुकं असलेले पक्षी जास्त फेऱ्या मारत होते. नळीत चोच घालून दाणा काढायची ही सवय चोच घडवते आहे, असा संशोधकांचा कयास. कयासच तो, पण कारळ्याच्या नळीसमोर उभं राहून ऐकताना तो पटतो.

दाण्यावर हक्क सांगणारा आणखी एक जण असतो, त्याला कुणी बोलावलेलं नसतं. करडी खार मूळची अमेरिकेची. १८७६मध्ये चेशरमधल्या हेन्बरी पार्कात ती हौसेनं सोडली गेली आणि मग देशभर झाली. तिला रोखण्यासाठी घसरत्या टोप्या, पिंजरे, वजन पडताच बंद होणारी झाकणं अशी एक छोटी यंत्रविद्याच जन्माला आली आहे. सर्वांत साधा उपाय आपल्या ओळखीचा आहे : दाण्याला तिखट चोळायचं. मिरचीचा जहालपणा सस्तन प्राण्यांच्या जिभेला झोंबतो, पाखरांना जाणवतच नाही. पिंजऱ्यातला पोपट मिरची कशी खातो, याचं कोडं इथेच सुटतं.

आता या कहाणीची दुसरी बाजू, आणि ती वाईट आहे. ग्रीनफिंच हा हिरवट, जाड चोचीचा पक्षी फीडरांवरचा सर्वांत सुखवस्तू पाहुणा होता. २००५मध्ये ब्रिटनमधले काही ग्रीनफिंच फुगून, पिसं फेंदारून, गिळता न येणाऱ्या घशानं फीडरखाली बसलेले आढळले. कबुतरांच्या घशात राहणारा एक सूक्ष्म परजीवी त्यांच्यात शिरला होता. आजारी पाखरू उष्टा, लाळेनं ओला दाणा टाकतं, तो दुसरं उचलतं. पाण्याचं भांडंही एकच. पुढच्याच वर्षी, २००६च्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात, साथ भडकली. सुमारे ४३ लाख ग्रीनफिंच होते, ते २००९पर्यंत २८ लाखांवर आले. २०२१मध्ये ही जात ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेली. इतक्या वेगवेगळ्या जातींची, इतकी पाखरं एका हातभर जागेवर रोज जेवायला बसणं रानात कधी घडत नाही. आपणच ती पंगत मांडली होती. आरएसपीबीनं २०२५च्या सुरुवातीला सपाट फीडरांची विक्री थांबवली, कारण सपाट फळीवर दाणा आणि विष्ठा एकत्र येतात. नळी आठवड्याला धुवा, जागा बदलत राहा, एका-दोन दिवसांत संपेल तेवढाच दाणा घाला, आजारी पाखरू दिसलं तर काही आठवडे सगळं बंद ठेवा, हा सल्ला जुना आहे. पाळणारे थोडे. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. पाखरांसाठीचे शेंगदाणे तपासून घ्यावे लागतात ते त्यासाठी.

आणखी एक अवघड मुद्दा आहे, तो न आलेल्या पाखरांचा. स्कॉटलंडच्या रानांतल्या ब्लू टिटांच्या विष्ठेतला डीएनए तपासला गेला, तेव्हा जवळपास निम्म्या नमुन्यांत बागेतलं खाणं निघालं, आणि त्यात शेंगदाणा अग्रभागी. घरांपासून किलोमीटरभर आत राहणारे पक्षीसुद्धा गावात जेवून जात होते. दाण्यावर पोसलेले ब्लू टिट वाढतात आणि रानातल्या ढोल्यांवर कब्जा करतात. त्यांच्यापुढे विलो टिट हा लाजरा, फीडरपासून दूर राहणारा नातेवाईक कमी पडतो. कुजक्या लाकडात तो स्वतः ढोली कोरतो आणि ब्लू टिट त्याला तिथून हुसकावतो. ब्रिटनमधले विलो टिट १९७०नंतर नव्वद टक्क्यांहून अधिक घटले आहेत. त्यात ओलसर झुडपी रानं नष्ट झाल्याचाही वाटा असणार. तरीही, नळी भरणाऱ्या हाताला हा पक्षी कधी दिसतच नाही, ही गोष्ट अस्वस्थ करते.

फीडरखालच्या जमिनीवर वेगळीच धावपळ चाललेली असते. हेजहॉग हा लहानशा साळिंदरासारखा दिसणारा, पण साळिंदराशी नातं नसलेला काटेरी प्राणी नोव्हेंबरच्या सुमारास पानांच्या ढिगात शिरतो आणि मार्चपर्यंत गाढ निद्रेत जातो. हृदयाचे ठोके मिनिटाला १९० वरून वीसच्या आसपास येतात. झोपण्याआधी साडेचारशे ते सहाशे ग्रॅम वजन हवं. शरदात उशिरा जन्मलेल्या पिल्लांची तिथेच पंचाईत होते. पिढ्यान्‌पिढ्या इंग्रज आज्या त्याच्यासाठी बशीत दूध-पाव ठेवत आल्या. त्याला दूध पचत नाही, हगवण लागते. मांजराचं मांसाचं खाणं आणि पाणी त्याला मानवतं. त्याहून मोठी मदत म्हणजे कुंपणाच्या फळीत १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडणं, कारण एका रात्रीत त्याला अनेक बागा पालथ्या घालायच्या असतात. आणि ५ नोव्हेंबरला, १६०५च्या फसलेल्या कटाच्या स्मरणार्थ ठिकठिकाणी शेकोट्या पेटतात, तेव्हा काडी लावण्याआधी ढीग उचकून पाहणं. त्याला तो ढीग तयार बिछाना वाटलेला असतो. २०२०च्या यादीत ब्रिटनचा हेजहॉग असुरक्षित ठरला आहे.

नीटनेटकी बाग ही शरदातली सर्वांत उपाशी बाग, हे इंग्रज माळ्याच्या गळी उतरवणं कठीण जातं. भिंतीवर चढलेली आयव्हीची वेल तो ओरबाडून काढतो. पण ही वेल फुलते सप्टेंबर ते नोव्हेंबर, बाकी सगळं कोमेजलेलं असताना, आणि उशिरापर्यंत उडणाऱ्या माश्या, फुलपाखरं, गांधीलमाश्या तिच्यावर लोटतात. फक्त तिच्यासाठी शरदात बाहेर पडणारी एक मधमाशीही आहे. शास्त्रज्ञांनी तिला १९९३मध्ये नाव दिलं आणि २००१मध्ये ती इंग्लिश खाडी ओलांडून डॉर्सेटच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडली. आयव्हीची काळी फळं पिकतात ती थेट हिवाळ्यात, लाल फळं संपल्यावर. वुडपिजन, ब्लॅकबर्ड, ब्लॅककॅप तेव्हा तिथे जमतात. ‘जे’ नावाचा पक्षी, कावळ्याच्या कुळातला रंगीबेरंगी गृहस्थ, एका शरदात हजारो ओकफळं जमिनीत पुरतो. जी विसरतो त्यांची झाडं होतात. छपरीच्या कोपऱ्यात पंख मिटून झोपलेली पीकॉक फुलपाखरं, सुकलेल्या पोकळ देठांतले किडे, ओंडक्याखालचे बेडूक, यांना कुणी पिशवी विकत आणून खाऊ घालू शकत नाही. त्यांच्यासाठी कात्री आणि खराटा मार्चपर्यंत बाजूला ठेवावा लागतो, एवढंच.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मोजणी येते. १९७९मध्ये मुलांसाठी म्हणून आरएसपीबीनं सुरू केलेल्या या उपक्रमात आता काही लाख लोक तासभर खिडकीशी बसतात. पहिल्या क्रमांकावर बहुधा चिमणी असते, जरी १९७९च्या मानानं बागेतल्या चिमण्या निम्म्याहून कमी झाल्या आहेत. नियम साधा आहे : त्या तासात आलेली सगळी पाखरं एकामागोमाग मोजायची नाहीत, एका वेळी जास्तीत जास्त जितकी दिसली तेवढाच आकडा लिहायचा, म्हणजे तेच पाखरू दोनदा मोजलं जाणार नाही. चहाचा कप घेऊन बसलेला माणूस नळीवर एका वेळी पाच ब्लू टिट पाहतो आणि पाच लिहितो. कड्या घालणारे अभ्यासक त्याच बागेत जाळं लावून बसले, तर संध्याकाळपर्यंत त्यांच्या वहीत कड्यांवरचे डझनांनी वेगवेगळे क्रमांक उतरलेले असतात. घरमालक ज्यांना आपले पाच म्हणत होता, ते दर थोड्या वेळानं बदलत होते.